कमळतळ्याची गळती

माझा मामा नळदुरुस्तीची कामं करायचा. एकतीस वर्षं त्याने हेच केलं, आणि तेवढ्या काळात त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली. बाकीच्यांसाठी तो ‘वायसर’. कुठलाही नळ दाखवला, की तो आधी तोटी पिरगाळून बघायचा, पाइपाला कान लावायचा आणि म्हणायचा, "वायसर गेलाय." दहातल्या सात वेळा वायसरच गेलेला असायचा. उरलेल्या तीन वेळाही तो सुरुवात तिथूनच करायचा. माणसाने आधी साधी शंका फेडून घ्यावी, भिंत फोडायला मग आहेच दिवसभर, असं त्याचं म्हणणं.

मी नऊ वर्षांची असल्यापासून त्याच्या घरी वाढले. आईला परगावी नोकरी होती, तिथे राहायची सोय नव्हती, म्हणून मला मामा-मामीकडे ठेवलं ते ठेवलंच. सायकलच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्यांना मूल नव्हतं. माझ्या पलंगाखाली पाइपांचे तुकडे असायचे, स्वयंपाकघराच्या फळीवर डाळींच्या डब्यांशेजारी एक डबा पाइप जोडायच्या बेंडांचा आणि सॉकेटांचा. मामी त्यावरून फार बोलायची नाही. पाहुणे आले की मात्र तो डबा उघडून म्हणायची, "घ्या, यातलं काही चालतंय का बघा."

मामाला फिरायला जायचं वावडं होतं. म्हणजे पाय घराबाहेरच असायचे, पण कामासाठी. नुसतं बघायला म्हणून कुठे जाणं त्याला पटतच नसे. लग्नाला गेला तरी हात धुवायला म्हणून उठायचा आणि पंधरा मिनिटांनी बाह्या भिजवून परत यायचा. मामी त्याच्या ताटावर हात धरून बसलेली असायची.

दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेली असताना मामीने एका कॅलेंडरवर त्या कमळांचं चित्र पाहिलं. तळ्यावर गोल हिरवी पानं पसरलेली, प्रत्येकाला कडेने उभा काठ, आणि एका पानावर चक्क एक लहान मूल बसलेलं. मामीला ते खरं वाटेना. मी औषधाच्या दुकानात काम करते. तिथल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, की शहराच्या टोकाच्या सरकारी बागेत असलं तळं आहे आणि या दिवसांत पानं भरात असतात. मामीने घरी येऊन जाहीर केलं, "येत्या रविवारी आपण जायचं. तुम्ही नाही आलात तर मी आणि ही जाऊ, आणि स्वयंपाक करून ठेवणार नाही."

मामा आला.

बसने पाऊण तास लागला. बाग मोठी होती, पण माणसं सगळी एकाच दिशेने चाललेली. बांबूंच्या बेटातून वाट वळली आणि एकदम तळं समोर आलं. लांबट तळं, तिन्ही बाजूंनी दगडी भिंत, चौथ्या बाजूला पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या. पानं कॅलेंडरातल्यापेक्षा मोठी होती. आमच्या घरातलं जेवायचं टेबल एकेका पानात आरामात मावलं असतं. पाटीवर ‘महाकमळ’ असं लिहिलं होतं, पण मामीने बघताक्षणी त्यांना ‘परातीचं कमळ’ करून टाकलं आणि पुढे आमच्या घरात तेच नाव चाललं.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. थोडा वेळ नुसतीच पानं दिसत होती, मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. एका पानाच्या काठावर मान टेकवून कासव ऊन खात होतं. वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. त्याने दोनदा पाण्यात सूर मारला आणि दोन्ही वेळा रिकामाच वर आला. निळे, तांबडे चतुर पानांवरून भिरभिरत होते. भिंतीच्या सावलीतून एक दिवड डोकं वर काढून सरसरत गेली. मामीने पाय वर घेतले. शेजारी बसलेल्या आजोबांनी सांगितलं, की ती विषारी नसते. मामी म्हणाली, "असू दे, पण पाय माझे आहेत."

मामा यातलं काहीच बघत नव्हता. तो आधी एका पानाकडे टक लावून बसला होता. मला वाटलं, चला, आवडलं. पण त्याने मला कोपराने ढोसलं आणि पानाच्या काठाकडे बोट केलं. काठाला समोरासमोर दोन ठिकाणी चीर होती. "पावसाचं पाणी साचलं तर पान बुडेल ना," तो म्हणाला, "म्हणून ओव्हरफ्लो दिलाय." मग त्याची नजर भिंतीवर गेली आणि तिथून हलेना. पाण्याच्या वर साधारण तीन बोटं उंचीवर ओलीची एक रेघ होती. रेघेच्या वर दगड पांढरट, कोरडा. खाली काळा, ओला, त्यावर ताजं शेवाळ.

"काल पाणी तिथे होतं," मामा म्हणाला.

मामीने डोळे मिटून घेतले. ती काय समजायचं ते समजली होती.

तळ्याचं सगळं एक बाई बघत. पन्नाशीच्या, किरकोळ बांध्याच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. बागेतले सगळे त्यांना माळीणबाई म्हणत. लांब काठीला आकडा लावून त्या पिवळी पडलेली पानं काठाकडे ओढत होत्या. मामा जाऊन त्यांच्याशेजारी उभा राहिला आणि तळं रोज किती उतरतं म्हणून विचारलं. बाईंनी काठी खाली ठेवली. पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या. बहुतेक महिनाभर कुणीतरी हे विचारायची त्या वाट बघत असाव्यात.

पाणी चार आठवड्यांपासून उतरत होतं. रोज सकाळी विहिरीवरचा पंप लावून तळं भरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन बोटं खाली. आता विहीरही तळाला गेली होती. बाईंनी ऑफिसात चारदा सांगितलं. अधीक्षक साहेबांचं म्हणणं, कडक उन्हाने पाणी आटतंय. बाई मागे लागल्या, तेव्हा साहेबांनी दुसरं टोक गाठलं. तळं पूर्ण उपसायचं आणि तळाला सिमेंट करून घ्यायचं. ठेकेदार आठ दिवसांनी, म्हणजे पुढच्या सोमवारी येणार होता.

"मग कमळं?" मामीने विचारलं.

बाई म्हणाल्या, की एवढं वाढलेलं झाड उचललं तर जगत नाही. ही सगळी त्यांनी बियांपासून केलेली होती. वाटाण्याएवढं बी, कोमट पाण्याच्या टबात रुजवायचं, मग कुंडी, मग मोठी कुंडी, मग तळं. सात महिने झाले होते. आणि नुसती कमळंच नव्हती. त्यांनी भिंतीजवळच्या एका पानाकडे बोट दाखवलं. पानावर गवताच्या चार काड्या पडल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्यावर एक पक्षी बसला होता. लांब शेपटी, मानेवर पिवळा पट्टा, आणि पायाची बोटं कोळ्याच्या पायांसारखी लांबच लांब.

"कमळपक्षी," बाई म्हणाल्या. "चार अंडी आहेत. हा नर आहे. मादी अंडी घालून निघून जाते. उबवायचं, पिल्लं सांभाळायची, सगळं ह्याच्याकडे."

मामीने मामाकडे बघितलं. लहानपणी माझी वेणी मामाच घालायचा, कारण मामीच्या हाताने ती दुपारपर्यंत सुटायची. 

मामाने बाईंकडे एक बादली मागितली.

बादलीचा प्रकार सोपा होता. पाण्यातल्या पायरीवर बादली ठेवायची, तिचा काठ पाण्याच्या वर राहील अशी. तळ्यातलंच पाणी तिच्यात भरायचं, बाहेर जेवढं आहे तेवढंच आत. दोन्हीकडे खडूने खूण करायची आणि पंप बंद ठेवायचा. उन्हाने आटलं तर आत-बाहेर सारखंच आटेल. बाहेरचं जास्त उतरलं, तर तळ्याला भोक आहे. बादलीला वजन म्हणून आतमध्ये दोन विटा ठेवल्या. बाईंनी तिच्यावर ‘हात लावू नये’ अशी पाटी अडकवली. त्यामुळे जो तो येऊन हात लावायला लागला, म्हणून पाटी काढली.

दुसऱ्या दिवशी कामाच्या आधी मामा बसने तिथे गेला. तळ्यासाठी त्याने कामाला उशीर केला, हे मामीने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. बादलीतलं पाणी अर्धं बोट उतरलं होतं. बाहेरचं तीन बोटं.

मामा तसाच उठून साहेबांकडे गेला. अधीक्षक तसा वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलावर तीन बागांची कागदपत्रं होती आणि एकाच बागेत त्याचा जीव गुंतला असता, तर बाकीच्या दोन वाळल्या असत्या. त्याने मामाचं ऐकून घेतलं. भोक कुठे आहे ते माहीत आहे का, असं विचारलं. मामा म्हणाला, अजून नाही. साहेब म्हणाले, की मग उपसल्याशिवाय ते दिसणार कसं? मामाने शनिवारपर्यंतची मुदत मागितली. साहेबांनी ती दिली, पण ठेकेदाराला काही थांबवलं नाही.

गळती आत शोधायची असेल तर आधी बाहेर फिरावं, असं मामा म्हणायचा. त्याने तळ्याला बाहेरून तीन फेऱ्या मारल्या. उताराच्या अंगाला, अवजारांच्या खोलीमागे, गुडघाभर गवत माजलं होतं. सगळ्या बागेत गवत पिवळं पडलेलं आणि इथे मात्र हिरवंगार. मातीत पाय रुतत होता, बेडूक उड्या मारत होते. तिथे एक जुना नळ होता, त्यामुळे तो गळत असेल असंच सगळ्यांनी धरलेलं. मामाने तोटी पिरगाळली, कान लावला. या वेळी मात्र वायसर ठणठणीत निघाला.

मग त्याने माळीणबाईंना विचारलं, की या तळ्याला पूर्वी पाणी सोडायची मोरी होती का? बाईंनी डोकं खाजवलं. त्यांच्या सासूबाईही याच बागेत कामाला होत्या. त्या सांगायच्या, की त्यांच्या वेळी वर्षातून एकदा तळं रिकामं करून गाळ काढायचे. लाकडाचा एक भलामोठा बूच असायचा, तो दोघं जण मिळून उपटायचे. पुढे ती पद्धत बंद पडली. बूच कुठे होता ते कुणालाच माहीत नव्हतं.

"कुठेतरी असेलच," मामा म्हणाला. "लाकूड कुजलं असेल."

शोधायची युक्ती मामीची. कपड्यांना घालायची नीळ पाण्यात सोडली तर ती कुठे ओढली जाते ते दिसेल, असं ती म्हणाली. मी दुकानातून सलाइनची नळी आणि मोठी सिरिंज आणली. नीळ जास्त पडून मासे मरायला नकोत, म्हणून ती थेंबाथेंबानेच सोडायची, एवढी अट माळीणबाईंनी घातली. गुरुवारी सकाळी मामाने नळी बांबूला बांधली. उताराकडच्या भिंतीच्या कडेने, वीत-वीत पुढे सरकत, आम्ही पाण्याखाली थेंबभर नीळ सोडत गेलो. पानांच्या सावलीमुळे तिथे शेवाळ कमी होतं आणि पाणी बऱ्यापैकी निवळ. नीळ ढगासारखी फुगायची, थोडा वेळ तरंगत राहायची आणि विरून जायची. असं चोवीस वेळा झालं. पंचविसाव्या वेळी ढग झालाच नाही. निळी रेघ सरळ खाली गेली आणि दगडात शिरली, कुणीतरी आतून ओढून घेतल्यासारखी.

आम्ही तिघी हसायला लागलो. मामा हसला नाही, कारण त्याने वर बघितलं होतं. जिथे नीळ शिरली, तिथून हातभर अंतरावर अंड्यांचं पान होतं, आणि पानावरून नर आमच्याकडे एकटक बघत होता.

शुक्रवारी घरात रात्रपाळी लागल्यासारखं झालं. मामाने भंगारातून टेबलाचा एक जुना सागवानी पाय मिळवला आणि तासून त्याचा निमुळता बूच केला. खालच्या दुकानातून सायकलची ट्यूब आणून तिच्या पट्ट्या त्याला गुंडाळल्या. मामी चिकणमाती मळत होती, तीही पोळ्यांच्या कणकेच्या वरताण. मामाने मला समजावलं, की बूच आतून बसवायचा आहे, म्हणजे तळ्याच्या बाजूने. मग पाण्याचा दाब त्याला बाहेर ढकलत नाही, भोकात दाबत राहतो.

शनिवारी सकाळी बाग उघडायच्या आधी आम्ही तळ्यावर पोचलो. पानांच्या खालच्या बाजूला काटे असतात, चांगले नखाएवढे, म्हणून बाई पाण्यात उतरताना छातीपर्यंतचा रबरी पोशाख घालत. तो मामाला मांडीच्या वर जाईना. बाई म्हणाल्या, की मग मीच उतरते. मामाने विचार केला आणि नाही म्हटलं. बूच किती फिरवायचा, कधी सोडायचा, हे हातालाच कळतं आणि ते तोंडाने सांगता येत नाही. शेवटी त्याने जुनी जाड पॅन्ट घातली, त्यावर पोती गुंडाळली आणि गमबूट चढवले. मामी म्हणाली, "दिसताय छान. फोटो नको का?"

तो उतरला. पाणी छातीपर्यंत आलं. मधल्या पानाचा काठ बाईंनी आकड्याने उचलून धरला होता. मामा त्याखालून सरकत गेला आणि नर उठला. उडून गेला नाही. दोन पानं पलीकडे जाऊन एक पंख लोंबकळत ठेवून, मोडल्यासारखा फडफडत फरफटू लागला. मी बाईंना त्याच्याकडे बोट करून दाखवलं. बाई हळूच म्हणाल्या, की काही झालेलं नाही, सोंग आहे. शत्रूने अंडी सोडून आपल्या मागे यावं म्हणून.

मामाने सोंगाकडे बघितलंही नाही. एक हात पाण्यात खांद्यापर्यंत घालून तो दगड चाचपत होता. भोक सापडल्याचं त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. कुजक्या लाकडाचा लगदा त्याने मूठमूठ बाहेर काढला. मग बूच खाली नेला, आणि एकदम त्याचा खांदा ओढला गेला. नंतर तो सांगायचा, की पाण्याने बूच हातातून हिसकावूनच घेतला. त्याने फक्त नेम धरला होता. लाकडी हातोड्याने त्याने पाण्याखाली चार ठोके दिले आणि कडेने चिकणमाती लिंपायला घेतली.

तेवढ्यात नर परत आला. मामा वाकलेला होता, हालचाल कमी झाली होती, म्हणून असेल. पानापानावरून लांब पावलं टाकत तो आला, अंड्यांभोवती एक चक्कर मारली आणि पंखांनी अंडी पोटाशी ओढून बसला. मामाच्या तोंडापासून दीड हातावर.

मामाचं काम झालं होतं. पण परत यायचं तर त्याला त्याच पानाला खेटून यावं लागणार होतं. ऊन वर आलं होतं. नर पुन्हा उठला आणि बराच वेळ आलाच नाही, तर त्या उन्हात अंडी राहणार नाहीत, असं बाई म्हणाल्या. त्यांनी मामाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात सांगितलं, "भाऊ, हलू नका. तो आपणहून उठेल. खायला जातो. तेव्हा निघा."

मामाने मान हलवली नाही, फक्त डोळे मिचकावले.

तो पंचेचाळीस मिनिटं उभा राहिला. पाठ अर्धी वाकलेली, एक हात भिंतीवर, दुसरा पाण्यात. त्याचे गुडघे आधीच गेलेले, जिना चढताना तो प्रत्येक पायरीला एकेक शिवी द्यायचा. एक चतुर त्याच्या टोपीवर येऊन बसला. फांदीवरचा खंड्या उडाला आणि या वेळी चोचीत मासा घेऊन वर आला. बागेचं फाटक उघडलं, लोक यायला लागले, आणि पाण्यात पोती गुंडाळून उभा असलेला माणूस बघून थबकायला लागले. माळीणबाईंनी सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून थांबवलं. होता होता काठावर तीसेक माणसं जमली आणि त्यातलं कुणी बोललं नाही. मामी पायरीवर बसून होती. तिच्या दोन्ही हातांना चिकणमाती वाळून तडे गेले होते. एकदाच ती मला म्हणाली, "ह्यांना कधी इतका वेळ स्वस्थ बघितलंय का गं?"

शेवटी नर उठला. अंड्यांकडे एकदा वळून बघितलं आणि पानांवरून चालत लांब गेला, काहीतरी टिपत. मामा बाहेर आला तेव्हा त्याला सरळ होता येत नव्हतं. मांड्यांवर, दंडांवर काट्यांचे लाल ओरखडे होते. मी औषध लावत असताना तो काय म्हणेल याची आम्ही वाट बघत होतो.

"तो त्याचं काम करत होता," मामा म्हणाला. "मी मध्ये कशाला येऊ?"

दोन दिवस तो अंथरुणावर पडून होता. सोमवारी ठेकेदार आला आणि साहेबही आले. माळीणबाईंनी दोघांना पायऱ्यांवर नेऊन रविवारी नव्याने खुणा केलेली बादली दाखवली. आत अर्धं बोट, बाहेर अर्धं बोट. साहेब वाकून बराच वेळ बघत राहिले. ठेकेदाराला त्यांनी परत पाठवलं. आठवड्याने ऑफिसातून जो अहवाल निघाला, त्यात लिहिलं होतं, की हवामान निवळल्याने बाष्पीभवन घटले असून तळ्याची पातळी पूर्ववत झाली आहे. बाई तो कागद घेऊन घरी आल्या. रागाने त्यांनी तो टेबलावर आपटला. मामाने चष्मा लावून तो सगळा वाचला.

"उपसणार नाहीत ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग लिहू द्या की."

बाईंना ते पटलं नाही आणि मलाही पटलं नाही. मामीने तर साहेबांना पत्र लिहायला घेतलं होतं. दोन पानं लिहिली आणि मग तिला वाटलं, की कशाला, उद्या आपल्याला तिथे जायचंय.

कारण मामी आता एक दिवसाआड तळ्यावर जात होती. सकाळची कामं आटपून अकराच्या बसने जायची, बाईंबरोबर वाळकी पानं ओढायची आणि अंड्यांवर लक्ष ठेवायची. बूच बसवल्याला बारा दिवस झाले होते, तेव्हा माझ्या दुकानात फोन आला. गिऱ्हाईक समोर उभं होतं. मामी म्हणाली, "तीन आहेत. चौथं फुटलं नाही. पण तिघं चालतायत." अंड्यातून बाहेर पडून काही तासांत पिल्लं चालत होती. पायांची बोटं अंगापेक्षा मोठी, त्यामुळे दर चार पावलांना अडखळत होती. बगळा जवळ आला तेव्हा नराने पंख पसरले आणि तिन्ही पिल्लं आत घेतली. बाहेर नुसते सहा पाय. मामीने तो प्रसंग घरी येऊन करून दाखवला, तीन उशा काखेत घेऊन. मादी काय करत होती असं मामाने विचारलं. मामी म्हणाली, "ती तळ्याच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याबरोबर. तिचं बरं आहे."

एके संध्याकाळी माळीणबाईंनी आम्हाला बाग बंद झाल्यावर थांबवून घेतलं. कळी दिवस मावळताना उघडते, असं त्या म्हणाल्या होत्या. आम्ही काठावर बसलो होतो. पाकळ्या एकेक सुटत होत्या, डोळ्यांना दिसतील अशा. फूल पांढरंशुभ्र होतं आणि पिकल्या फळासारखा वास काठापर्यंत येत होता. बाईंनी देठ अलगद जवळ ओढला आणि मामाला फुलात बोट घालायला सांगितलं. त्याने घातलं आणि पटकन काढलं. फूल आतून कोमट होतं. पहिल्या रात्री ते गरम होतं म्हणजे किडे वासाने येतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग पाण्यात बुडतं, असं बाईंनी सांगितलं. इथे ते किडे नसतात, म्हणून परागकण हातानेच लावावे लागतात. त्यांनी एक बारीक ब्रश मामीच्या हातात दिला. मामीने ते काम नीट केलं. घरी येताना बसमध्ये मामा आपलं बोट हुंगत बसला होता.

पुढच्या हंगामात बागेने तळ्यासाठी एक मदतनीस घ्यायचं ठरवलं. माळीणबाईंनी मामीचं नाव सुचवलं. मामीचं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं आणि तिने आयुष्यात कधी नोकरी केलेली नव्हती. अर्जावर ‘पूर्वानुभव’ या रकान्यात काय लिहावं, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला. शेवटी तिने लिहिलं, ‘चिकणमाती मळणे.’ साहेबांनी अर्ज वाचला, मान खाली घालून सही केली. मला वाटतं, तो अहवाल त्यांच्याही लक्षात असावा.

मामाने गुडघ्यांमुळे कामं कमी केली. आता तो सकाळी दोन-तीनच घरं घेतो. दुपारी मामीचा डबा घेऊन बसने तळ्यावर जातो. पायऱ्यांवर बसून दोघं जेवतात आणि मामी येणाऱ्याजाणाऱ्यांना पानं, फुलं, पक्षी समजावून सांगते. मध्येच कुणी एखादं मूल पानावर बसवू का म्हणून विचारतं. मामी सांगते, की ते फोटोवाले पानावर फळी ठेवून करतात आणि पान नंतर कुजतं. तिच्या आवाजात आता माळीणबाईंचाच ठसका आलाय.

या वर्षी कमळपक्षी अजून आलेला नाही. पानं दीड महिन्यापूर्वीच पसरली आहेत, पाणकोंबड्या आल्या आहेत, कासवंही दोन जास्त दिसतायत. मामी रोज सकाळी कामावर गेल्या गेल्या सगळ्या पानांवरून नजर फिरवते आणि मला दुकानात फोन करून ‘नाही’ एवढंच सांगते. माळीणबाई म्हणतात, की कधी कधी उशीर होतो. एका वर्षी तर तो पार हंगामाच्या शेवटी आला होता.